माझा हात, आक्कांची मान

आमच्या आक्कांची मान डावीकडे वळायला लागली तेव्हा भूकंप होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहायला किल्लारीला, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात. तिथं तेव्हा कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर दहावीला नापास झालं, तरी बोलणं फिरून भूकंपावरच यायचं. आक्कांच्या मानेचंही तेच झालं. "जिकडं घर पडलं, तिकडंच मान वळली बघा. धसका हाय, धसका," असं गावानं ठरवून टाकलं. मी म्हटलं, अहो, घर पडलं तेव्हा आक्का मळ्यात झोपल्या होत्या. घर त्यांच्या डावीकडं होतं की उजवीकडं, हे कुणी मोजलं? तर म्हणे, "तुम्ही लातूरला होता मॅडम, तुम्हाला काय कळणार." लातूरही हललं होतं हो! पण असं म्हणणाऱ्याच्या घरातली दोन माणसं गेली होती आणि आमची फक्त स्वयंपाकघराची भिंत तडकली होती. त्यामुळं मी तोंड मिटून बसायची.

आधी मान नुसती ओढल्यासारखी व्हायची. मग बोलताना डोकं "नाही नाही" म्हटल्यासारखं हलायला लागलं. लोक विचारायचे, "चहा घेणार का आक्का?" आणि आक्का तोंडानं "हाव" म्हणत असताना डोकं नाही म्हणायचं. खांदा दुखून दुखून रडकुंडीला यायच्या बिचाऱ्या. पण एक गंमत होती. हनुवटीला एक बोट नुसतं टेकवलं की मान सरळ व्हायची. जोर नाही, ढकलणं नाही, नुसतं बोट. आडवं पडल्यावरही बरं वाटायचं. झालं! एवढं बघितल्यावर लोकांनी धसका सोडला आणि नाटक धरलं. बोट लावल्यावर सरळ होते ती मान खरी वाकडी असेल कशी? आक्कांच्या जावेनं तर तोंडावर सांगितलं, "कामाचा कंटाळा आला की मान वळती बघा हिची." मी त्या बाईशी भांडले. एकदा नाही, जेव्हा जेव्हा किल्लारीला गेले तेव्हा भांडले. आमचे हे म्हणायचे, "तू कशाला मध्ये पडतीस?" मी म्हणायची, खोटं दुखणं असं महिनोन् महिने कुणी काढत नाही. तेवढी हौस कुणाला असती?

आता माझं ऐका. मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मेडिकलला जायचं म्हणून अख्ख्या मराठवाड्यातली पोरं तेव्हा लातुरात येऊन पडायची. घरोघरी खोल्या भाड्यानं, कोपऱ्याकोपऱ्यावर मेस आणि दर दहा पावलांवर झेरॉक्सचं दुकान. त्या दुकानांत माझ्या नोट्स मिळायच्या. छापील नाही, माझ्या हाताच्या. माझं अक्षर बघून पोरं क्लास निवडायची, असं आमचे क्लासवाले सर स्वतः सांगायचे. फळ्यावर मी मूत्रपिंडातली ती नागमोडी नळी खडू न उचलता काढायची, मागच्या बाकापर्यंत पोरं श्वास रोखून बसायची. सांगायला लाज कशाला, मला त्याचा माज होता.

आणि एक दिवस नोट्स लिहिताना अंगठा आत वळला. पेन इतकं घट्ट धरलं गेलं की कागद फाटला. मनगट आपोआप वाकायचं, तर्जनी पेनावरून उठून उभी राहायची. दोन ओळींच्या पुढं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखं. पेन खाली ठेवलं की हात एकदम शहाणा. भाकरी थापा, सुईत दोरा ओवा, स्कूटर चालवा, भाजी चिरा, काही म्हणजे काही अडत नव्हतं. फक्त लिहायचं म्हटलं की संप. त्यात फळ्यावर मात्र लिहिता येत होतं. मग काय विचारता! घरी, क्लासात, शेजारी, एकच प्रश्न. "फळ्यावर येतं, मग वहीत कसं येत न्हाई?" मला काय माहीत? मला माहीत असतं तर तुम्हाला विचारायला आले असते का?

आक्कांचं ते तसं आणि माझं हे असं. एका शेजारणीनं तर सांगितलं, "नणंदेचं तुला लागलं." मी म्हटलं, मान काय खरूज आहे का लागायला?

पण खरा घात केला तो लातूरनं. आमच्या गावाला त्या काळात एकच औषध माहीत होतं, सराव. गणित येत नाही, सराव. भीती वाटते, सराव. पोराला झोप लागत नाही, त्याला अजून एक पेपर सोडवायला द्या. आमच्या सरांच्या खोलीत मोठ्या अक्षरांत पाटी होती, सरावाला पर्याय नाही. त्यांनी माझी अडचण ऐकून घेतली, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, रोज सकाळी दहा पानं. तीन महिन्यांत हात पहिल्यासारखा." मला ते पटलं! मी तेच तर शेकडो पोरांना सांगत होते. दोनशे पानी वह्या आणल्या आणि बसले. रोज पहाटे उठून, दात आवळून, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबून धरून लिहायची. घाम फुटायचा. अकरा वह्या भरल्या. अकरा! पहिलीतलं अक्षर आणि अकरावीतलं अक्षर शेजारी ठेवलं तर अकरावी वही पहिलीतल्या पोराची वाटावी. आणि या सगळ्या मेहनतीचं फळ म्हणजे हात खडूवरही रुसला. आता फळ्यावरही अंगठा वळायला लागला.

मग सरांनी परत बोलावलं. या वेळी चहा नव्हता. "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पालक काचेतून बघतात, त्यांना फळा भरलेला लागतो. जूनची बॅच सुरू होईपर्यंत हात नीट झाला तर पहिला तास तुमचाच. नाही झाला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." ही गोष्ट जानेवारीतली. जूनपर्यंतचे दिवस मी बोटांवर मोजले. मोजायला हात चांगला चालत होता.

नांदेडला मेंदूचे एक डॉक्टर चांगले आहेत, असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, आक्कांनाही घेऊन जाते, एका खेपेत दोन कामं. बसस्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला, तोही डाव्या बाजूच्या खिडकीच्या सीटवर. कारण उजवीकडं बसवलं की आक्कांचं तोंड शेजारच्या प्रवाशाकडं. मागच्या वेळी औशाला जाताना एक गृहस्थ अर्धा तास सहन करून शेवटी म्हणाले होते, "बाई, माझ्या तोंडावर काय लिहिलंय का?" अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत आक्का खिडकीबाहेर बघत, हनुवटीला बोट लावून बसल्या. मधेच म्हणाल्या, "तुझं काय खरं दुखून राहिलं का गं? का नुसतंच?" मी म्हटलं, दुखत नाही आक्का, चालत नाही. त्या "हूं" म्हणाल्या. तो "हूं" मला आवडला नव्हता, पण सोडून दिला.

दवाखान्यात आमच्या शेजारी देगलूरचे एक चाचा होते, कापडाचे व्यापारी. काळा गॉगल लावून बसलेले. त्यांचे डोळे सारखे मिटत होते. लवत नव्हते, गच्च मिटत होते, दार लावून घ्यावं तसे. उन्हात बाहेर पडलं की, गिऱ्हाइकाशी बोलायला लागलं की, रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं की, नेमकं तेव्हाच. "आंखां अच्छे हैं मॅडम, परदे खराब हो गये," म्हणाले. गाणं गुणगुणलं की थोडा वेळ उघडे राहतात, म्हणून ते दुकानात दिवसभर गुणगुणत बसायचे. सुना म्हणायच्या, बुढ्याला या वयात गाणी सुचतात. कुणीतरी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन झालं, भिंग नवं बसलं आणि डोळे त्याच्यावर पहिल्यासारखेच मिटत राहिले. मला हसूही येईना आणि रडूही येईना. आंधळा नसून आंधळा झालेला माणूस, बाकी धडधाकट असून लिहिता न येणारी मी आणि समोर बघायला हनुवटीला बोट लावणाऱ्या आक्का. तिघंही घरच्यांच्या मते नाटकी.

डॉक्टर तरुण होते, पण ऐकून घेणारे. त्यांनी मला कागद दिला आणि म्हणाले, "लिहा." नुसतं एवढं! दीड वर्षात मला कुणी माझ्यासमोर बसून "लिहा, मी बघतो" म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकूनच निकाल दिला होता. त्यांनी दोन ओळी होईपर्यंत बघितलं, मग डाव्या हातानं लिहायला लावलं आणि डावा लिहीत असताना माझा रिकामा उजवा हात टेबलावर आपोआप वळायला लागला. तो त्यांनी मला बोटानं दाखवला. मग आक्कांना चालवलं, बसवलं, डोळे मिटायला लावले, मानेचे स्नायू चाचपले.

"दोघींचाही आजार खरा आहे," ते म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी तीन तास बसनं आले होते असं मला वाटलं. आजाराचं नाव डिस्टोनिया. मेंदू स्नायूंना हुकूम चुकीचे देतो, ज्यांनी ढिलं पडायचं तेही ओढत बसतात. चाळिशीच्या आसपास किंवा नंतर सुरू होतो तो बहुतेक वेळा अंगाच्या एकाच जागी. मी म्हटलं, मग आमच्या दोघींचं एकच म्हणायचं. ते म्हणाले, "नाही मॅडम, आडनाव एक, स्वभाव वेगळे." मानेचा आजार दिवसभर चालू असतो, तो दुखतो, तो सगळ्यांना दिसतो आणि बोट लावल्यावर सैल पडतो ही त्याची ओळखच आहे, नाटकाची नव्हे. बाहेर जे चाचा आहेत त्यांचा पापण्यांचा. तो बहुधा जरा उशिरा येतो, बायकांत जास्त, उजेडात वाढतो आणि पुढं कधीकधी जबड्याकडं पसरतो. माझा सगळ्यांत हट्टी. तो एकाच कामापुरता येतो, ज्या कामाचा हाताला वर्षानुवर्षं सराव आहे त्याच कामात. म्हणून बाकी सगळं जमतं. सुरुवातीला फळा जमत होता, कारण फळ्यावर खांदा लिहितो, वहीत बोटं लिहितात.

आक्कांनी विचारलं, "भूकंपानं झालं का?" डॉक्टर म्हणाले, "भूकंपानं झालं असतं तर तेव्हा झालं असतं. आठ वर्षं वाट बघत बसलं नसतं." आक्कांचा चेहरा पडला. इतकी वर्षं गावानं दिलेलं एक कारण होतं, तेही गेलं.

मी अकरा वह्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते आधी बंद करा," म्हणाले. सराव बंद करा! माझ्या उभ्या आयुष्यात लातूरच्या कुणाला असं कुणी सांगितलं नसेल. मी रोज पहाटे उठून, घाम गाळून, जो हात वाचवायला बघत होते त्याचंच वाटोळं करत होते. इतका संताप आला. सरांचा, त्या पाटीचा आणि सगळ्यांत जास्त माझा. जीवशास्त्र शिकवते म्हणे! मेंदूचे भाग दरवर्षी रंगीत खडूनं काढून दाखवते म्हणे!

उपाय दोघींना एकच, इंजेक्शन. जो स्नायू नको तिथं ओढतो त्यालाच टोचायचं, तो तीन-चार महिने थकून पडतो. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, मानेला हे बहुतेक चांगलं लागू पडतं, हाताचं खात्रीनं सांगता येत नाही. हाताचे स्नायू बारीक, एकमेकांना चिकटून. कमी टोचलं तर काही होत नाही, जरा जास्त झालं तर चांगलं बोटही लुळं पडतं. हे सगळं आक्कांच्या समोर सांगितलं. पण आक्कांच्या कानात राहिलं ते एवढंच, दोघींना एकच सुई.

मेमध्ये दोघींनी इंजेक्शनं घेतली. आठवडाभर आक्कांना गिळायला जरा जड गेलं, पातळ वरण पिऊन राहिल्या. मग पंधराव्या दिवशी किल्लारीहून फोन. "सरळ झाली गं! मी समोर बघून राहिले!" आवाजात लहान पोरीसारखा आनंद होता. मला भरून आलं, खरंच आलं. फोन मी डाव्या हातानं धरला होता, कारण उजव्या हाताचं मधलं बोट तेव्हा खाली लोंबत होतं. अंगठा आता तेवढा वळत नव्हता हे खरं. पण खडू बोटांत ठरतही नव्हता.

जून उजाडला. पहिला तास, शंभराच्या वर पोरं, काचेबाहेर पालक. मी खडू उचलला, एक रेघ मारली, खडू पडला. उचलला. पडला. पुढच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. मी खडू टेबलावर ठेवला आणि म्हटलं, वह्या उघडा, मी सांगते, तुम्ही काढा. आणि ती नागमोडी नळी मी नुसत्या बोलण्यानं त्यांच्या वहीत उतरवली. इथून वळवा, इथं बारीक करा, इथं खाली न्या. तासभर पोरं मान वर न करता काढत होती. माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला तास होता तो, मी छातीठोकपणे सांगते. बाहेर आले तर सर म्हणाले, "तास छान झाला मॅडम. पण फळा कोरा होता." मी म्हटलं, वह्या बघा ना! ते म्हणाले, "वह्या पालकांना काचेतून दिसत नाहीत."

फळा गेला. सरांनी मला शंकांच्या खोलीत बसायला सांगितलं, पोरं येतील, विचारतील, तुम्ही तोंडी सांगा. पण त्यासाठी एक अर्ज हवा म्हणाले. मी स्वखुशीनं वर्गातले तास सोडत आहे, असा. आणि स्वतःच्या हस्ताक्षरात. मी म्हटलं, माझ्या हस्ताक्षरात? "नियम आहे मॅडम," म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हे विशेष.

संध्याकाळी घरी आले तर आक्का आलेल्या. ताठ मानेनं, नवं लुगडं नेसून, पेढे घेऊन. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू मनावर घेत न्हाईस. एकच डॉक्टर, एकच सुई. मी मनावर घेतलं, माझी मान सरळ झाली. तुला काय धाड भरली?" आणि आवाज जरा खाली आणून, "त्या पोरांचा कंटाळा आला आसंल तर तसं सांग की. हाताला कशाला नावं ठेवती?"

माझं डोकं फिरलं. दप्तरातून कोरा कागद काढला, त्यांच्यासमोर ठेवला, पेन घेतलं आणि अर्ज लिहायला बसले. इंजेक्शन अंगठ्याला पुरतं लागलं नसावं. "माननीय" लिहिलं. "सर" लिहिताना अंगठा आत गेला. मनगट वाकलं. मी सोडलं नाही. मधलं बोट लुळं, अंगठा आवळलेला, पेनाचं टोक कागदात रुतून भोक पडलं. "स्वखुशीने" या शब्दाला मला किती वेळ लागला मला माहीत नाही. घाम कपाळावरून कागदावर पडला. आमचे हे दारात येऊन उभे राहिले आणि परत आत गेले. मी रडत नव्हते, पण तसं दिसत असावं.

आक्का बघत होत्या. दोन वर्षांत त्यांनी मला लिहिताना कधी बघितलंच नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. मी थांबले नाही. "थांब म्हणते ना!" त्यांनी माझ्या बोटांतून पेन ओढून घेतलं. "एवढं हाय, तर आपल्या हाताचं सोडून तू त्या जावंसंगं माझ्या मानेसाठी का भांडत बसली गं?"

"तुमची दिसत होती, आक्का."

त्या चौथी शिकलेल्या. त्यांनी कागद स्वतःकडं ओढला, दुसरी बाजू उलटून घेतली आणि म्हणाल्या, "सांग. मी लिहिते." मी एक एक शब्द सांगत गेले, त्या ओठ हलवत लिहीत गेल्या, वेलांट्या चुकवत, ओळ वर चढवत. "स्वखुशीने" आला तेव्हा त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"हे लिहू का?"

"लिहा," मी म्हटलं. "तसंच पाहिजे त्यांना."

त्यांनी लिहिलं नाही. तेवढी जागा मोकळी सोडली आणि पुढचा शब्द विचारला.